एक नंबरचा पंप

‘माझं काय चुकतंय तेवढं सांगा,’ असं पत्राच्या शेवटी होतं, आणि ते वाचून तिला हसू आलं. असली पत्रं आठवड्याला एखादं तरी यायचंच. नऊ वर्षांपूर्वी तिने एक पंप बनवला होता, इंजेक्शनची मोठी नळी अगदी हळूहळू दाबत बसणारा, थेंब थेंब मोजून सोडणारा. बाजारातला घ्यायचा म्हटलं तर तो एखाद्या प्रयोगशाळेचं वर्षाचं अनुदान गिळून वर ढेकरही देत नाही. तिने तो प्लॅस्टिकचे छापलेले भाग, एक जुनी मोटार आणि एक आट्यांचा दांडा एवढ्यावर उभा केला, आणि सगळे नकाशे, सगळा प्रोग्रॅम इंटरनेटवर मोकळा ठेवून दिला. घ्या, करा, मोडा, सुधारा, विचारायलासुद्धा नको. लोकांनी घेतलाही. कुठे कुठे जाऊन पोचला होता तो, तिचं तिला माहीत नव्हतं. मग पत्रं यायची, मोटार उलटी फिरते, नळी निसटते, प्लॅस्टिक तडकलं. हे पत्र लांबच्या कुठल्याशा कॉलेजातल्या एका मास्तरांचं होतं. मुलांना हाताशी धरून त्यांनी तीन पंप केले होते आणि तिन्ही कमी देत होते. दहा ग्रॅम पाणी मागावं तर आठ पूर्णांक शहाऐंशी ग्रॅम. ‘मी झाडापानांचा माणूस,’ मास्तरांनी लिहिलं होतं, ‘यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. तुमच्या कागदावर दहा वेळा वजन करून तपासल्याचं लिहिलंय, म्हणजे चूक आमचीच. मुलं हिरमुसलीत. माझं काय चुकतंय तेवढं सांगा.’ तिने सवयीने उत्तर टाइप करायला घेतलं, स्क्रू नीट आवळा, नळीतला हवेचा बुडबुडा काढा, आणि बुडबुड्यापाशी तिची बोटं थांबली. सैल स्क्रू तीन पंपांना तीन तऱ्हांनी छळतो. तिघांच्याही तोंडी एकच आकडा कसा?

खोलीत प्लॅस्टिकचे भाग छापणारा प्रिंटर तेवढा कुरकुरत होता. दारावर ‘मेकरस्पेस’ अशी पाटी होती, पण विद्यापीठात सगळे तिला खालचं वर्कशॉप म्हणत आणि हिला ताई. सरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची ताई. ती प्राध्यापक नव्हती, कारागीर म्हणून कागदावर तिची नोंद नव्हती, आणि तुमचं नेमकं पद काय असं कोणी विचारलं की ती म्हणायची, जे जे तुटतं ते माझं. लोक हसत आणि तिचंही काम भागे. आज मात्र टेबलावर एक कागद पडला होता, आणि त्यावर तिची सही हवी होती. सकाळी नऊलाच शेवाळवाली तो ठेवून गेली होती. ही वरच्या मजल्यावरची संशोधन करणारी मुलगी, तीन वर्षं आठ काचेच्या टाक्यांमध्ये शेवाळ वाढवायची आणि मग त्यात तांब्याच्या क्षाराचं पाणी थेंब थेंब सोडून ते किती दिवसांनी मरतं ते बघत बसायची. किती विष सोसतं, त्याचा आकडा काढायचा होता तिला. काढला होता तिने. शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता, आणि तिचे सर तो आकडा पाणीवाल्यांच्या समितीला देणार होते, म्हणजे कारखान्यांनी नदीत किती सोडलं तर चालेल ते त्यावरून ठरणार. ‘ताई, उद्या दुपारपर्यंत द्या हं सही,’ म्हणून पोरगी पळाली होती. कागदावर एकच वाक्य होतं. प्रयोगात वापरलेली सातही यंत्रं वर्कशॉपने तपासलेली आहेत. सात. पंप आठ होते. आठवा, म्हणजे खरं तर पहिला, हिशेबातून काढून टाकला होता, कारण तो वेडा होता.

प्रयोग संपल्यावर आठही पंप खाली आले होते आणि कपाटात ओळीने बसले होते. तिने पाच नंबरचा काढला, तराजूवर पेला ठेवला, दहा मागितले. पंप कुरकुरत बसला. असल्या वेळी बघत राहायचं नसतं हे तिला माहीत होतं, पण ती बघत राहिली. आठ पूर्णांक शहाऐंशी. तिने पेला पुसला, पुन्हा ठेवला. शहाऐंशी. तीन नंबरचा काढला, शहाऐंशी. तिला एकदम वाटलं की तराजूच बिघडलाय, आणि ह्या विचाराने तिला जो काही आनंद झाला त्याची तिलाच लाज वाटली. तराजू तपासायचं पितळी वजन तिने डबीतून काढून ठेवलं. तराजू ठीक होता. मग तिने सगळ्यात मागचा, धुळीने माखलेला एक नंबर ओढून पुढे घेतला. हा तिचा स्वतःचा, नऊ वर्षांपूर्वीचा, ज्याच्यावरून बाकीचे झाले तो. त्याच्या पाठीवर कोणीतरी चिकटपट्टी लावून ‘वेडा’ असं लिहिलं होतं, आणि खाली एक हसरं तोंड काढलं होतं. तिने दहा मागितले. एक नंबर आवाज जरा जास्त करायचा, म्हाताऱ्या माणसाने खाकरून बोलायला सुरुवात करावी तसा. पेल्यात नऊ पूर्णांक नव्याण्णव आले. तिने पुन्हा मागितले. दहा.

ती स्टुलावर बसली. आपल्याला काय झालं ते कळलंय आणि तरी काहीच कळत नाहीये, असं काहीतरी चमत्कारिक तिला वाटत होतं. सात पंप एकमेकांशी तंतोतंत जुळत होते, मास्तरांचे तीनही त्यांच्याशी जुळत होते, आणि जगात आणखी कुठे कुठे असतील तेही बहुधा जुळतच असतील. एकटा हा जुळत नव्हता आणि एकटा हाच बरोबर होता. हे असं असू शकतं का? दहा जणांनी एकच खोटं बोलायचं म्हणजे त्यांना ते कोणीतरी पढवलेलं असायला हवं. पढवणारं कोण, हे विचारायची गरजच नव्हती, तरी ती विचारत राहिली. मग तिने पाना घेतला, पाच नंबरच्या दांड्यावरचा नट काढला आणि एक नंबरच्या दांड्यावर लावून बघितला. दोन फेरे गेला आणि अडला. जोर लावला तर हाताला आटे कुरतडल्याचं जाणवलं. दोन्ही दांडे आठ मिलिमीटरचे, डोळ्यांनी बघितलं तर जुळे भाऊ. पण एकाचे आटे जवळजवळ होते आणि एकाचे जरा लांब. मोटार दांड्याला एक फेरा देते आणि नट पुढे सरकतो. एका फेऱ्यात किती सरकला, तो आकडा प्रोग्रॅममध्ये घातलेला असतो, त्यावर सगळा पंप चालतो. तिने घातलेला आकडा लांब आट्यांचा होता. आणि कागदावर लिहिलं होतं, आठ मिलिमीटरचा दांडा घ्या. लोकांनी बाजारात जाऊन घेतला. लोकांनी काय करायला हवं होतं?

लांब आट्यांचा दांडा बाजारातला नव्हताच. तो अप्पांच्या पेटीतला होता. अप्पा, म्हणजे तिचे वडील, टर्नर होते, अडतीस वर्षं लेथवर उभे राहिलेले, आणि निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्यांनी आपली हत्यारांची लोखंडी पेटी तिला दिली होती. दादाला नाही. दादा विम्याच्या कचेरीत. त्याने पेटी बघून ‘हे भंगार कुठे ठेवू,’ असं म्हटलं होतं, झालं. ती पेटी रिक्षात घालून आणताना रिक्षावाल्याने विचारलं होतं, बाई ह्यात दगड भरलेत का. पंप बनवला तो त्याच हिवाळ्यात, अप्पांच्याच घरी, गॅलरीत, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून. हे तिला लख्ख आठवत होतं. वर्तमानपत्रावर तेलाचे डाग होते, अप्पा खुर्चीवर बसून तिच्याकडे बघत होते, आणि तिने दोन्ही ओठांमध्ये तीन बारके स्क्रू धरले होते, कारण हात रिकामे नव्हते. अप्पांनी दांडा हातात घेतला. नख फिरवलं. काहीतरी म्हणाले. काय म्हणाले? तिने डोळे मिटले. त्यांचे ओठ हललेले दिसत होते, गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल दिसत होता, तोंडातल्या स्क्रूंची खारट लोखंडी चव जिभेवर येत होती, पण आवाज म्हणून काही येत नव्हता. आपण ‘हं हं’ म्हणालो होतो, एवढं नक्की. तोंडात स्क्रू असताना दुसरं काय म्हणणार माणूस? पण कशाला म्हणालो होतो हं?

कळायला एक मार्ग होता आणि तो तिला पक्का ठाऊक होता. मोकळ्या नकाशांच्या कामात एक शिस्त असते. प्रत्येक बदलाची नोंद राहते, कोणी केला, कधी केला, का केला, आणि ती नोंद कोणालाही खोडता येत नाही, करणाऱ्यालासुद्धा. दोन बटणं दाबली की नऊ वर्षांपूर्वीचा दिवस समोर. नव्या मुलांना ती हेच तर कौतुकाने सांगायची, बाबांनो, इथे कोणाला सोंग आणता येत नाही. तिने लॅपटॉप पुढे ओढला आणि बंद केला. मग उगीचच प्रिंटरची जाळी साफ केली. मग स्क्रूंचे डबे आकाराप्रमाणे लावले, जे आधीच लावलेले होते. दुपारी इतिहासवाल्यांचा शिपाई तुटकी खुर्ची घेऊन आला तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की तिने ती त्याच्यासमोर बसून दुरुस्त केली, आणि तो निघाला तरी त्याला दोन शब्द जास्तच विचारले. मुलगी कुठल्या वर्गात आहे, वगैरे. खुर्चीचा पाय बसवताना तिच्या मनात मात्र शेवाळवाली तिथेच दारात उभी होती, तीन वर्षांपूर्वीची, नवी नवी, वही छातीशी धरलेली. ‘ताई, एक नंबर जास्त देतो. त्या टाकीतलं शेवाळ नेहमी आधी मरतं.’ आणि आपण मान वर न करता म्हणालो होतो, ‘तो म्हातारा झालाय ग. घासलाय. सोड त्याला, काढून टाक.’ पोरीने वर्षभर तरीही तो चालवला होता, मग काढून टाकला. तराजू तर इथेच होता. एक पेला पाणी आणि दहा मिनिटं. आपण साधं उठलोसुद्धा नाही.

पाचला तिने दोन्ही दांडे पर्समध्ये घातले आणि दादाकडे जायची बस पकडली. दांडे पर्समधून बाहेर डोकावत होते आणि शेजारची बाई अंग चोरून बसली होती. अप्पा ब्याऐंशीचे, गेल्या वर्षापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नसायचं. कधी तिला आई समजायचे, कधी कारखान्यातला सुपरवायझर. त्यांना विचारून काय कळणार? आणि कळलंच तर ते धरायचं की सोडायचं? एका थांब्यावर तिला वाटलं उतरावं आणि उलट बस धरावी, सकाळी सही करून टाकावी, पुढच्या आठवड्यात गुपचूप आकडा बदलावा, मास्तरांना लिहावं की नवी आवृत्ती घ्या. कोण बघतंय? नदी बघणार नव्हती. शेवाळ तर मेलंच होतं. हा विचार तिच्या मनात इतका सहज आला की तिला स्वतःची भीती वाटली, आणि तरीही तो गेला नाही, पुढचे चार थांबे शेजारीच बसून राहिला.

अप्पा गॅलरीतच होते. ‘घड्याळ पुढे आहे,’ ती चप्पल काढते न काढते तोच ते म्हणाले. ‘चार मिनिटं. कोणी ऐकत नाही.’ दादा आतून ओरडला, ‘अप्पा, पुरे आता त्या घड्याळाचं!’ आणि तिच्याकडे वळून म्हणाला, ‘दिवसभर हेच. घड्याळ पुढे आहे आणि मला चहा दिला नाही. तीन कप झालेत.’ वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि हसल्या. ‘पुढे आहेच ते. मीच केलंय. नाहीतर ह्यांची गाडी रोज चुकते.’ दादाने त्यांच्याकडे बघितलं, पण विषय तिथेच राहिला, कारण ती दांडे काढत होती. तिने आधी पेटीतला दांडा अप्पांच्या हातात दिला. अप्पांचे हात आता थरथरायचे, कप धरताना तर बघवत नसे. पण दांडा हातात आला आणि हात स्थिर झाले. त्यांनी अंगठ्याचं नख आट्यांवर टेकवलं आणि टोकापासून ओढत नेलं, ओठ हलत होते, मोजत असावेत. ‘अठराचा,’ ते म्हणाले. ‘इंचाला अठरा. माझा आहे हा. सात नंबरच्या लेथवर कापला मी.’ तिने दुसरा दिला. नख निम्म्यावर गेलं नाही तोच त्यांनी तो परत तिच्या हातात दिला, भाजी नापसंत करून परत द्यावी तसा. ‘मिलिमीटरवाला. बाजारातला.’ ‘अप्पा,’ ती म्हणाली, ‘हे दोन सारखे नाहीत हे मला...’ अप्पांनी तिच्याकडे बघितलं, त्या क्षणी तरी त्यांना ती कोण ते नीट माहीत होतं. ‘सांगितलं होतं की मी तुला,’ ते म्हणाले. ‘आकडा बदल म्हणून.’

‘अगं, ते सगळ्यालाच सांगितलं होतं म्हणतात,’ दादा म्हणाला. ‘परवा दूधवाल्याला म्हणाले, सांगितलं होतं तुला. तू कुठे मनावर घेतेस!’ आणि तिला किती हलकं वाटलं म्हणून सांगावं! खरंच की. डोकं ठिकाणावर नाही त्यांचं. जाताना तिने अप्पांच्या डोक्यावरून हात फिरवला, वहिनींनी दिलेला डबा घेतला, आणि परतीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसून दादाचं वाक्य मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तू कुठे मनावर घेतेस. अंगावर ऊबदार पांघरूण घेतल्यासारखं ते वाक्य होतं. पण नख? नखाने चूक केली नव्हती. त्या नखाला कालचं जेवण आठवत नव्हतं, सकाळचा चहा आठवत नव्हता, पण इंचाला अठरा बरोबर होते, तिने व्हर्नियर लावून दुपारीच मोजले होते. माणसाचं अर्धं बरोबर आणि अर्धं चूक असं असतं का? की आपल्याला सोयीचं तेवढं बरोबर? तिला काही ठरवता येईना. तिला फक्त कळत होतं की दादाचं वाक्य आपण ज्या आवाजात म्हणतोय तो आवाज ओळखीचा आहे, आणि तो आपलाच आहे. म्हातारा झालाय ग. सोड त्याला.

सकाळी शेवाळवाली साडेनऊलाच हजर. केस धुतलेले, हातात प्रबंधाचा जाडजूड गठ्ठा, आणि चेहऱ्यावर परीक्षा संपत आलेल्या मुलांचं असतं ते उतावीळ हसू. ‘ताई, झाली का सही?’ ‘आधी बस,’ ती म्हणाली. ‘मला घाई आहे हो, छपाईवाला...’ ‘बस ग.’ पोरगी बसली. तिने रात्री अंथरुणात वाक्यं जुळवली होती, चांगली तीन चार, एकातून दुसरं निघणारी, पण त्यांतलं एकही आता जागेवर नव्हतं. ‘तुझे सातही पंप कमी देतात,’ ती म्हणाली. ‘अकरा टक्क्यांच्या वर कमी. पहिल्या दिवसापासून.’ पोरगी हसली. ‘काहीतरीच काय! सातही सारखे आहेत.’ ‘सारखेच आहेत. सारखेच चुकलेत.’ तिने तराजू दाखवला, दोन्ही दांडे दाखवले, नट अडतो ते दाखवलं. दाखवताना आपण नव्या मुलांना शिकवतो तशाच आवाजात बोलतोय हे लक्षात येऊन तिला स्वतःचा संताप आला. पोरीने नट हातात घेतला, लावला, दोन फेरे, अडला. पुन्हा लावला. ‘मग एक नंबर?’ तिने विचारलं.

‘एक नंबर बरोबर होता.’

पोरीने नट टेबलावर ठेवला. मग म्हणाली, ‘त्याच्यातलं शेवाळ सोळाव्या दिवशी मरायचं. बाकीच्यांचं विसाव्या. मी त्याला मेलं नाजूक म्हणायचे.’ आणि मग एकदम, ‘तुम्हीच म्हणालात सोड त्याला!’ ‘हो. मीच म्हणाले.’ ‘अहो, मी विचारायला आले होते तुम्हाला. दोनदा आले. आकडा जास्त आलाय ताई, कळतंय का तुम्हाला? तेवढं विष ते शेवाळ सोसतच नाही. सर आज तो आकडा समितीला...’ तिने गठ्ठा मांडीवर घट्ट धरला, कोणी हिसकावून नेईल म्हणून धरावा तसा. प्रिंटर बंद होता. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. ‘तुम्हाला माहीत होतं?’ पोरीने विचारलं. हाच तो प्रश्न होता. नाही म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. आठवत नाही म्हटलं असतं तर ते शंभर टक्के खरं होतं. तिने लॅपटॉप उघडला आणि पोरीकडे वळवला. ‘चल, बघू,’ ती म्हणाली. ‘मलाही माहीत नाही.’

नोंदी वरून खाली जात होत्या, नव्याकडून जुन्याकडे, मागचं वर्ष, त्याच्या मागचं, कोणी कुठे भोक मोठं केलं, कोणी अक्षर सुधारलं, सगळी परकी नावं, आणि अगदी तळाशी ओळीने तिचं एकटीचं नाव. सगळ्यात पहिली नोंद पोरीनेच उघडली. फेऱ्याच्या आकड्याशेजारी टीप होती: ‘आकडा तात्पुरता. दांडा अप्पांचा, इंची आहे. बाजारातला लावला की बदलणे. अप्पांनी बजावलंय.’ पोरीने ती मोठ्याने वाचली. मग तिने वरच्या दिशेने जात जात ती टीप कुठे नाहीशी झाली ते शोधलं. पाच महिन्यांनी. नकाशे लोकांसाठी मोकळे केले त्याच्या आदल्या संध्याकाळी. कारणाच्या जागी लिहिलं होतं, ‘नको त्या टिपा काढल्या. साफसफाई.’ शेजारी नाव तिचंच.

आणि मग, काल दिवसभर हाका मारूनही जे आलं नव्हतं ते सगळं आपणहून आलं. ती संध्याकाळ आली. कोणी पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं तशी ती त्या प्रोग्रॅमभर फिरत होती, मजेत, गुणगुणत, ह्याचा कोपरा झाड, त्याची घडी घाल. उद्या सगळे बघणार. मोठमोठी माणसं बघणार, डॉक्टर, प्रोफेसर, आपल्याला नाहीत ती पदं असलेली. आणि फेऱ्याच्या आकड्याशेजारी तो शब्द होता. अप्पा. तिला तो वाचून कसंनुसं झालं होतं. आकड्यासाठी नाही, आकड्याकडे तिने बघितलंही नव्हतं. असल्या ठिकाणी अप्पा! तेलकट हातांचा, पायजम्यावर बसलेला, लेथ नंबर अमुक म्हणणारा माणूस त्या स्वच्छ ओळींमध्ये कोणाला दिसू नये, म्हणून तिने ती ओळ पुसली होती. एवढंच होतं. त्यांनी बजावलेलं तिने ऐकलं होतं, लिहून ठेवलं होतं, आणि त्यांची लाज वाटली म्हणून काढून टाकलं होतं. तिने हे जसंच्या तसं पोरीला सांगितलं. सांगताना तिला रडू आलं आणि ते तिने आवरलं नाही.

पोरीने तिची समजूत घातली नाही, आणि ते बरंच झालं. ‘माझा शुक्रवार गेला,’ ती म्हणाली. ‘हो,’ ताई म्हणाली. पोरगी पुढे म्हणाली, ‘दोन महिने तरी गेले. सगळे आकडे पुन्हा मांडायचे. सरांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार.’ ‘मीच सांगते.’ ‘आत्ता चला. ते अकराला समितीकडे निघतात.’ पोरीने टेबलावरचा सहीचा कागद उचलला, त्याची घडी घालून स्वतःच्या वहीत ठेवला. दारापर्यंत गेली आणि तिथून, मागे न बघता, जरा रागानेच म्हणाली, ‘एक नंबरचे वर्षभराचे आकडे आहेत माझ्याकडे. वहीच्या मागच्या पानांवर. टाकवले नाहीत मला.’ ‘आण,’ ताई म्हणाली. ‘तू हो पुढे. मी पाचच मिनिटांत आले.’

पाच मिनिटांत तिने दोन कामं केली. आकडा बदलला, आणि कारणाच्या जागी लिहिलं, ‘आधीचा आकडा इंची दांड्याचा होता. ह्यावर बनवलेला प्रत्येक पंप कमी देतो. कृपया आपापली मोजमापं तपासा. माझ्या वडिलांनी, ते टर्नर आहेत, हे मला तेव्हाच सांगितलं होतं. टीप मी काढली.’ मग मास्तरांना लिहिलं, तुमचं काहीच चुकलेलं नाही, मुलांना माझा नमस्कार सांगा, एवढ्या वर्षांत वजन करून बघणारी तीच पहिली. पाठवून झालं आणि तिने लॅपटॉप मिटला. वर सर वाट बघत होते. त्यांना काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची? तिने दादाच्या घरी फोन लावला आणि वहिनींना म्हणाली, अप्पांना द्या.

‘अप्पा, तुम्ही मला सांगितलं होतं,’ ती म्हणाली. ‘दांड्याचं. अगदी बजावून सांगितलं होतं तुम्ही.’

‘कसला दांडा?’ अप्पा म्हणाले.

तिकडे गॅलरीत कुठलातरी पक्षी ओरडत होता, तो ऐकू येत होता. ‘काही नाही,’ ती म्हणाली. ‘चहा घेतलात का?’

‘कोणी दिलाच नाही सकाळपासून.’

मागून वहिनींचा आवाज आला, ‘अहो आत्ताच दिला की! ऐकू नका हो वन्सं त्यांचं!’ एरवी ती ह्यावर हसायची, वहिनी हसायच्या, आणि फोन ठेवला जायचा.

‘वहिनी,’ ती म्हणाली, ‘जरा कप बघता का?’

‘कुठला कप?’

‘अप्पांचा. रिकामा आहे की तसाच आहे, तेवढं बघून सांगा.’

‘आता काय बाई हे!’ वहिनी म्हणाल्या, पण फोन खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि मग त्यांच्या चपला गॅलरीकडे जात असलेल्या ऐकू आल्या. जिन्यावरून पोरगी हाक मारत होती, ताई, सर निघाले हो. ती फोन कानाला लावून थांबली.